वयोमानानुसार, लक्ष ठेवावे

बुधवार, ८ ऑक्टोबर १९९७

लॉरेटा,

तुझा निरोप मशीनवर ऐकला. दोनदा ऐकला, कारण पहिल्यांदा वाटलं कुणीतरी चुकून माझा नंबर फिरवलाय. आपण एकाच गावात राहतो, एकाच बेकरीतून पाव घेतो, आणि नऊ वर्षांत तू मला किंवा मी तुला "जरा सरक" एवढंसुद्धा म्हटलेलं नाही. आणि आता एकदम, "बर्नी, मी स्वतःसाठी घर घेतेय. माझ्या यादीतलं कुणी नको. तू येऊन बघशील का?"

यादीतलं कुणी नको म्हणे! ती पिवळ्या कागदावरची यादी मी पाहिली आहे बरं का. तुझ्यामार्फत घर घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तू ती ठेवतेस. तीन घरतपासनिसांची नावं, खाली तुझ्या कचेरीचा शिक्का. "यांच्यातला कुणीही लावा, फार समजूतदार माणसं आहेत." समजूतदार म्हणजे कशी, ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. छपराला भोक पडलं असलं तर "उजेड भरपूर" असं लिहून देतील. परक्यांच्या लेकराबाळांसाठी ते तिघं चालतात. स्वतःच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी बैठं घर घ्यायची वेळ आली, की मात्र तुला सौदामोडी आठवते.

सौदामोडी हे नाव तू ठेवलंस की तुझ्या त्या मैत्रिणींनी, ते मला अजून कळलेलं नाही. पण सुरुवात कुठून झाली ते पक्कं आठवतं. आईच्या दफनानंतरचं जेवण. चर्चच्या तळमजल्यावरचं सभागृह, कोबी-नूडल्सची भांडी, आणि हातात कॉफीचा पेला घेऊन उभी असलेली तू. अर्ध्या गावासमोर म्हणालीस, "बरं झालं, बर्नीला आईची शवपेटी जवळून बघू दिली नाही. तडा शोधला असता आणि परत पाठवायला लावली असती." सगळे हसले. फादरसुद्धा हसले. तुझ्या कचेरीतल्या चार बाया तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्यानंतर या खोऱ्यातल्या प्रत्येक एजंटच्या तोंडी तेच. पेटीतसुद्धा तडा शोधणारी बर्नी. दोन वर्षांत माझा फोन वाजायचा थांबला. आता मी गालिच्यांच्या दुकानासाठी लोकांच्या खोल्या मोजत फिरते, आणि महिन्यातून एखादं घर तपासते, तेही दुसऱ्या जिल्ह्यातून येणाऱ्या, तुझी यादी न मिळालेल्या माणसाचं.

आणि हे सगळं कशावरून? टेकडीवरच्या त्या मास्तर जोडप्याच्या घरावरून. तान्हं मूल होतं त्यांच्याकडे, आणि घर गरम करायला तळघरात गॅसची भट्टी. मी अहवालात लिहिलं होतं, "धुराड्याची आतली नळी कोसळली आहे. भट्टी पेटवू नये." तू फोन केलास. "अगं, 'घराच्या वयोमानानुसार, लक्ष ठेवावे' असं लिही ना. त्यात खोटं काय आहे?" मी नाही लिहिलं. सौदा मोडला. तीन महिन्यांनी आई गेली, आणि तिच्या पेटीवर विनोद करून तू वचपा काढलास.

तर ऐक. मी येईन, परवा शुक्रवारी सकाळी. पण तू तिथे यायचं नाहीस. जिन्यात उभं राहून उसासे टाकणारी एजंट मला नको, आणि ती माझी बहीण असेल तर मुळीच नको. अहवाल टपालानं येईल. फोनवर मी एक शब्द बोलणार नाही. तुझ्या करारावर काल सही झाली, म्हणजे तपासणीची मुदत पुढच्या शुक्रवारी, सतरा तारखेला संध्याकाळी पाचला संपते. तोवर तुला बयाणा परत घेऊन मागे फिरता येतं. पाचनंतर घर तुझ्या गळ्यात. हे तुला मी सांगायला नको, पण लिहिलेलं असलेलं बरं.

बर्नडेट

शुक्रवार, १० ऑक्टोबर
(हे पत्र आज टाकणार नाही. अठरा तारखेला, मुदत संपल्यावर तुझ्या दारात टाकीन.)

लॉरेटा,

बघून आले तुझं घर.

तपासणीच्या वेळी घर विकणाऱ्यानं बाहेर जायचं असतं, हे तुझ्या त्या वास्को म्हाताऱ्याला कुणी सांगितलेलं नाही. की सांगूनही तो हलला नाही, कोण जाणे. दार उघडून म्हणाला, "चौऱ्याऐंशी वर्षांचा आहे मी. कुठे जाऊ? बागेत झोके घेऊ?" मग माझ्याकडे निरखून बघत, "कुणाची गं तू?"

"हुडाकांची. बाबा पोलादाच्या मिलमध्ये क्रेनवर होते."

"हुडाकची पोरगी! म्हणजे ती घर घेणारी बाई तुझी बहीण. मग काय तपासायचंय, घरातलंच काम."

"घरातलंच आहे, म्हणून जरा नीट बघते," मी म्हटलं.

त्यानं मला अक्रोडाच्या रोलचा हा एवढा तुकडा खायला लावला आणि मग माझ्या मागे मागे फिरत राहिला. छप्पर चांगलं आहे. वायरिंग नवीन आहे. तळघरात उघड्यावर बसवलेला संडास आहे, आपल्या घरी होता तसाच, भिंत नाही की पडदा नाही, समोर मिरच्यांच्या लोणच्याच्या बरण्या. मी हसले तर म्हातारा म्हणाला, "मिलमधून काळाकुट्ट होऊन आलो की वेरोना वर पाऊल टाकू द्यायची नाही. सगळं इथेच उरकायचं." वेरोना त्याची बायको. अकरा वर्षं झाली तिला जाऊन.

स्वयंपाकघरातल्या मोरीवरची खिडकी दोन बोटं उघडी होती, फटीत लाकडी चमचा अडकवलेला. मी तो काढून खिडकी लावून बघायला गेले, तर त्यानं माझा हातच धरला. "ती राहू दे पोरी. ती हिवाळाभर अशीच असते. बंद केली की माझं डोकं धरतं, मळमळतं. वेरोना म्हणायची, घराला नाक असावं."

तुझ्या यादीतल्या तिघांनी काय केलं असतं ठाऊक आहे? हसून पुढे गेले असते. मी थेट तळघरात उतरले. भट्टी चालू केली, पाच मिनिटं थांबले, आणि धूर वर ओढणाऱ्या तोंडाशी काडी धरली. ज्योत आत ओढली जायला हवी. ती माझ्याकडे वळली आणि विझली. मग धुराड्याच्या पायथ्याची लोखंडी झडप उघडून आत आरसा सरकवला. धुराडं धड असेल तर आरशात आकाशाचा एक तुकडा दिसतो. हे मी हजार वेळा पाहिलंय, आणि दर वेळी मला ते आवडतं. आज आरशात काही दिसलं नाही. आतली नळी कोसळून मधेच बसली आहे. भट्टीचा सगळा विषारी वायू, ज्याला रंग नाही की वास नाही, घरात परत येतो आणि म्हाताऱ्याच्या दोन बोटांच्या खिडकीतून बाहेर जातो. त्याला कळत नाही, पण गेली कित्येक वर्षं तो त्या चमच्याच्या जिवावर जगतोय.

आणि तू? उन्हाळ्यात स्वेटर घालणारी, थंडीची चाहूल लागायच्या आधीच खिडक्यांना चिकटपट्ट्या लावणारी लॉरेटा. तू तर पहिल्याच दिवशी ती खिडकी बंद करशील.

टेकडीवरचं घर आठवलं मला. तेच धुराडं, तोच दोष. देव कधी कधी हिशेब इतका चोख करतो की हसू येतं.

तर मी अहवालात काय लिहिलं, ते तू वाचलंच असशील, उद्या टपालात पडतोय तो. "धुराडे: घराच्या वयोमानानुसार. लक्ष ठेवावे." तुझे शब्द, तुझं व्याकरण, अगदी तुला हवं होतं तसं. त्यात खोटं काय आहे?

घाबरू नकोस, मी खुनी नाही. अठराला हे पत्र तुझ्या हातात पडेल आणि मग तुला सगळं कळेल. सकाळी गॅसवाल्यांनाही मीच फोन करीन. फक्त तोवर मुदत संपलेली असेल. मग धुराडं पाडून बांध, नाहीतर घर विक. विकायला काढलंस तर विकणाऱ्याच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न असतो, "घरातला कुठला दोष तुम्हाला माहीत आहे का?" आणि हे पत्र तुझ्या हातात असेल. "हो" वर खूण करताना हात कसा थांबतो, ते एकदा स्वतः बघ. आणि गावाला कळेल ना, की लॉरेटा सेबोलनं तपासनीस लावला आणि तिलाच समजूतदार अहवाल मिळाला. तेव्हा फादर हसतात का बघू.

निघताना म्हाताऱ्याला म्हटलं, "खिडकी उघडीच ठेवा हं." एवढंच म्हटलं. "का" ते नाही सांगितलं. "मी कशाला लावतोय," तो म्हणाला आणि उरलेला रोल कागदात बांधून दिला.

मंगळवार, १४ ऑक्टोबर
(हेही अठरालाच.)

लॉरेटा,

दारात डबा ठेवून गेलीस. घंटा वाजवली नाहीस, शहाणी आहेस. जर्दाळू भरलेली कोलाचकी बिस्किटं, आईच्या हातची असायची तशी, कडा चिमटीत धरलेली. आणि वर चिठ्ठी. ती इथे उतरवून ठेवते, म्हणजे नंतर तुला "मी असं म्हटलंच नव्हतं" म्हणता येणार नाही.

"बर्नी, अहवाल मिळाला. शेवटचं पान वाचून रडले. इतकं सांभाळून लिहिलंस. मला वाटलं होतं तू घराच्या चिंध्या करशील, आणि मी त्या मुकाट्यानं वाचीन असं ठरवलं होतं. ते तिघं काय, काहीही लिहितात. तू खोटं लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून तर तुला बोलावलं. म्हणजे घर चांगलं आहे. म्हणजे तू मला माफ केलंस. लॉ."

तीन वेळा वाचली. मग डबा झाकण लावून फ्रिजवर ठेवला.

तुला काय म्हणावं? जन्मभर हीच भाषा लोकांना विकलीस आणि तुला स्वतःलाच ती वाचता येत नाही? "वयोमानानुसार" म्हणजे काय, हे तुझ्याहून चांगलं कुणाला कळायला हवं? नवऱ्याला डॉक्टर म्हणाले होते ना, वयोमानानुसार आहे, लक्ष ठेवा. तेव्हा तरी कळायला हवं होतं.

ते लिहायला नको होतं. तुझा नवरा, रे, चांगला माणूस होता. त्याच्या दफनाला मी आले नाही असं तुला वाटतं. मी आले होते. दफनभूमीच्या फाटकासमोर गाडीत बसले होते, काच खाली करून. तू काळ्या हॅटमध्ये होतीस आणि वाऱ्यात ती सारखी सांभाळत होतीस. मला खाली उतरायचं होतं. पण तिथल्या निम्म्या बाया त्याच होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणाऱ्या.

तर नाही, माफ केलेलं नाही. शनिवार यायला चार दिवस आहेत. मी वाट बघू शकते. नऊ वर्षं बघितली आहे.

एक कोलाचकी खाल्लं. साखर जास्त झाली आहे.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, दुपार
(हे स्वतः तुझ्या कचेरीत आणून देतेय. सोबत १० आणि १४ तारखेची पत्रं जोडली आहेत. आधी ती वाच. तारखा बघून वाच.)

लॉरेटा,

वाचलीस? आता काल काय झालं ते माझ्याकडून ऐक, कारण तुला अर्धंच माहीत आहे.

काल सकाळी गाडीच्या काचेवर पहिला बर्फाळ थर होता. मी नखानं खरवडला आणि कामावर गेले. एका दिवाणखान्याची लांबी मोजत होते, बारा फूट चार इंच, आणि एकदम माझ्या डोक्यात आलं की आज म्हातारा भट्टी दिवसभर चालू ठेवणार. मग मी स्वतःला म्हटलं, खिडकी आहे की. परत मोजायला गेले तर आकडा आठवेना. टेप तिथेच टाकली आणि निघाले.

अकरा वाजले असतील. दार वाजवलं, उत्तर नाही. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. वास्को स्वयंपाकघरात टेबलावर डोकं ठेवून बसला होता, चेहरा गुलाबी, लहान मुलाचा असतो तसा. समोर शेंगांचं सूप, साय धरलेली. आणि मोरीवरच्या खिडकीला आतून प्लॅस्टिक लावलेलं होतं. काय सुंदर लावलं होतंस! चारी बाजूंनी पट्टी, एक सुरकुती नाही. लाकडी चमचा धुऊन जाळीत उपडा ठेवलेला.

मी त्याला खुर्चीसकट ओढत बाहेर आणलं. त्या अंगात एवढा जोर कुठून आला ते मला माहीत नाही. बाहेरच्या ओट्यावर तो माझ्या बुटांवर ओकला, आणि तेव्हा मी पहिल्यांदा श्वास घेतला. शेजारणीनं रुग्णवाहिका बोलावली. गॅसवाला यंत्र घेऊन आत गेला आणि लगेच बाहेर आला. भट्टीला लाल चिठ्ठी लावली, नळ बंद केला. "अजून तासभर गेला असता तर..." म्हणाला. मग विचारलं, "घर विकलं जातंय ना? तपासलं कुणी हे?"

"मी," मी म्हटलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तू आलीस. नऊ वर्षांनी समोरासमोर तोंडून निघालेला तुझा पहिला शब्द काय असेल, याच्या मी किती कल्पना केल्या होत्या. तू माझी बाही धरलीस आणि म्हणालीस, "मी लावली गं त्याची खिडकी. बुधवारी पडदे मोजायला गेले होते. गार वारं येत होतं, तो म्हातारा शाल घेऊन बसलेला, नको नको म्हणत होता. मी म्हटलं, काही बोलू नका, मी लावून देते. मी मारला असता त्याला, बर्नी." आणि रडत बसलीस, पर्समधून चिकटपट्टीची गुंडाळी बाहेर डोकावत होती.

मी तुझ्या शेजारी बसले.

तुला समजावं म्हणून हे लिहितेय. मी गप्प राहिले, कारण मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मी नुसता तुझा सौदा बुडवायला निघाले होते आणि तू तर आयुष्यभराचं ओझं स्वतःहून उचलून डोक्यावर घेत होतीस. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. मी तुझ्या पाठीवरून हातसुद्धा फिरवला.

मग नर्सनं मला आत बोलावलं. म्हातारा शुद्धीवर होता. माझा हात धरून म्हणाला, "तू सांगितलं होतंस पोरी, खिडकी उघडी ठेवा म्हणून. मीच विसरलो. तुझ्या बहिणीला नीट नाही म्हणायला जमलं नाही मला. तिच्यावर रागावू नकोस."

तू म्हणतेस, माझी चूक. तो म्हणतो, माझी चूक. आणि जिची चूक, ती दोघांच्या पाठीवरून हात फिरवतेय. त्याला मी सगळं सांगितलं. काडीचं, आरशाचं, तुझे शब्द मी का वापरले त्याचं, पेटीच्या विनोदाचंही. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आरशात काय दिसलं होतं तुला?"

"काही नाही दिसलं."

"मग तसं सांगायचं होतंस," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी थांबले, पण तो पुन्हा वळला नाही.

तर हा घे खरा अहवाल. पहिला फाडू नकोस, त्यावरही माझीच सही आहे, आणि ती तिथे का आहे ते तू कुणालाही सांग. "धुराड्याची आतली नळी कोसळली आहे. भट्टी पेटवू नये." आत्ता पावणेचार झालेत. पाचपर्यंत तुला मागे फिरता येतं. वास्को उद्या घरी येईल आणि मग हिवाळाभर मुलाकडे ओहायोला जाईल असं नर्स म्हणाली.

माझा तुझ्यावरचा राग कमी झालेला नाही. फक्त आता तो माझ्यावरही आहे, आणि दोन्हीकडे वाटून घ्यावा लागतोय.

बर्नडेट हुडाक
घरतपासनीस

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लॉरेटा,

तू मागे फिरली नाहीस, हे मला रस्त्यावरून जाताना कळलं. छपरावर गवंडी होते, जुनं धुराडं उतरवत होते. म्हाताऱ्याचा मुलगा बांधून देतोय म्हणे. चांगलं आहे. स्वयंपाकघराची खिडकी मी पाहिली. प्लॅस्टिक काढलंस.

तीन आठवडे तुझ्याकडून काही नाही. मी वाट बघत होते. वाटलं, वकिलाचं पत्र येईल, किंवा तो पहिला अहवाल तू कचेरीच्या काचेवर चिकटवशील. तसं केलं असतंस तर मी काही बोलले नसते. आणि मग गेल्या आठवड्यात पाकीट आलं. आत पत्र नाही, एक ओळ नाही. नुसती तुझी पिवळी यादी, नवीन छापलेली. आता चार नावं. सगळ्यात वर माझं. आणि शेजारी समासात लाल शाईनं, तुझ्या त्या गोल गोल अक्षरात:

"वयोमानानुसार. लक्ष ठेवावे."

मी खुर्चीत बसले. लॉरेटा, तू आजवर मला पुष्कळ बोललीस, पण असं काळजात कधी लागलं नव्हतं. नऊ वर्षं मी गालिचे मोजले, चांगली गाडी विकून जुनी घेतली, डिसेंबरात घर गरम करायला दोनदा विचार केला, पण एक गोष्ट माझी होती. त्या यादीत मी नव्हते. कुणीही माझं नाव त्या तिघांच्या जोडीला लिहू शकत नव्हतं. तू नाही लिहिलंस ते. मीच लिहिलं, दहा ऑक्टोबरला, माझ्या पेननं. तू फक्त छापलंस. सूड घ्यावा तर असा. मी तुझ्याकडून शिकायला हवं होतं.

मग फोन वाजला. नवराबायको, पोरसवदा, नदीकाठचं घर घेत होते. बाई म्हणाली, "लॉरेटाबाईंनी तुमचं नाव सगळ्यात वर सांगितलं. म्हणाल्या, पूर्वी फार कडक होत्या, आता खूप समजूतदार झाल्यात."

मी म्हटलं, "येते."

काल गेले. तुझी ती नवीन मुलगी, जी तुझ्या हाताखाली शिकतेय, ती जिन्यात उभी राहून उसासे टाकत होती. मी तिला दिवा धरायला लावला. तळघरातली मुख्य तुळई मधोमध कुजली आहे. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला, लोण्यात जावा तसा. वर त्यांनी पाळण्याची जागा ठरवली होती, बरोबर त्याच्यावर. मी लिहिलं, "मुख्य तुळई कुजली आहे. दुरुस्तीआधी घरात राहू नये." तुझ्या मुलीनं हळूच विचारलं, "वयोमानानुसार म्हणता नाही येणार का?" मी तिला स्क्रू ड्रायव्हर दिला आणि म्हटलं, तूच खुपसून बघ. तिनं खुपसला. मग तिनं स्वतःहून दिवा तुळईच्या जवळ धरला.

आज दुपारी त्यांनी बयाणा परत मागितला. सौदा मोडला. तुझा होता.

आता तू फोन उचलून माझं नाव काढायला सांगशील. पण यादी दोन हजार छापलीस ना? चर्चच्या दारातही गठ्ठा ठेवलायस, मी रविवारी पाहिला. आणि काढलंस तर लोक विचारतील, का काढलं. त्यांना सांगावं लागेल, आधी का घातलं. तेव्हा राहू दे. मला आता तिथेच राहायचंय, सगळ्यात वर, तुझ्या शिक्क्याखाली.

डबा धुऊन ठेवलाय. येऊन घेऊन जा, घंटा वाजव. पुढच्या वेळी साखर कमी घाल.

सोमवारी दोन घरं तपासायची आहेत. दोन्ही सौदे तुझेच आहेत.

बर्नी